कॅनडाहून आलेली पुतणी कानबाईला गावी यायला नाही म्हणते, अहिराणी ऐकली की खोलीत निघून जाते. काय करावं?

जळगावची_काकू

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न लांब आहे पण पूर्ण वाचा प्लीज. माझे मोठे दीर तीन वर्षांपूर्वी कॅनडाला गेले, टोरांटोजवळ ब्रॅम्प्टनला. तेव्हा पुतणी बारा वर्षांची होती, आता पंधरा पूर्ण. तिकडे शाळांना जुलै-ऑगस्ट सुट्टी असते म्हणून जाऊबाईंनी तिला दोन महिने आमच्याकडे जळगावला पाठवलंय, ते दोघं कामामुळे आले नाहीत.

जाताना ही पोरगी इतकी बोलकी होती की सोसायटीतल्या वॉचमनच्या नातवंडांची नावंसुद्धा तिला पाठ होती. आता आलीये ती दुसरीच. तासन्‌तास खोलीत. कोणी काही विचारलं की खांदे उडवते. परवा माझ्या मुलाने तिला गणितातलं काहीतरी विचारलं तर म्हणे मला काहीच येत नाही, मी कशातच चांगली नाहीये. हे ती सहज बोलल्यासारखं बोलली म्हणून मला जास्त लागलं.

हळूहळू थोडं थोडं कळलं. तिकडे पहिल्याच वर्षी डब्यात लसणाची चटणी आणि मेथीची भाजी नेली होती, शेजारच्या मुलींनी नाक धरलं, त्यानंतर हिने डबा खाल्लाच नाही म्हणे, कितीतरी महिने डबा कचऱ्यात टाकून घरी यायची आणि जाऊबाईंना पत्ताच नाही. शाळेत नावही अर्धं करून सांगते. आणि इकडे आली तर आमचीच पोरं तिला कॅनडावाली कॅनडावाली करतात, तिचं मराठी अडखळतं त्याला हसतात. मी रागावले त्यांना, पण माझ्या मागे काय चालतं देव जाणे.

सासूबाई फक्त अहिराणी बोलतात. पोरीला सगळं समजतं हे मला पक्कं माहीत आहे, पण उत्तर इंग्रजीत देते, नाहीतर उठून जाते. सासूबाई मला विचारतात, "मन्ही नात मन्हासंगे का बोलत नही?" काय सांगू त्यांना. आता पुढच्या रविवारी पारोळा तालुक्यात आमच्या गावी कानबाई (आमच्या खान्देशात श्रावणात बसवतात ती देवी) बसणार, सगळी भाऊबंदकी सुरतहून पुण्याहून येते, रोटाच्या प्रसादाला घरातलं माणूस लागतंच, आणि ही म्हणते मी येणार नाही, मला तिथे सगळे बघत राहतील.

दीर फोनवर म्हणतात तिचा मोबाईल काढून घ्या, दोन महिने इंग्रजीचा एक शब्द चालू देऊ नका, आपोआप सरळ होईल. शेजारच्या ताई म्हणतात पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावा. मला दोन्ही पटत नाही पण मग करायचं काय ते पण कळत नाही. कोणाच्या घरी असं झालंय का?

साचेवाला_उधना

काकू, मी कॅनडा पाहिला नाही, पण जे सांगताय ते मी सुरतमध्ये भोगलंय म्हणून लिहितो. वडील अमळनेर तालुक्यातून लूमवर कामाला गेले, मी तेव्हा दहा वर्षांचा. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती, शाळा महानगरपालिकेची मराठी माध्यमाची. लोक म्हणतील सुरत तर आपलंच, निम्मं खान्देश तिकडेच आहे, पॅसेंजरने रात्रीतून येणं होतं. खरं आहे, लिंबायत-उधन्यात कानबाई पण बसते वाजत-गाजत. पण तेरा-चौदा वर्षांच्या पोराला ते कळत नाही, त्याला एवढंच कळतं की गुजराती मुलांच्या टोळीत आपण तोंड उघडलं की ते एकमेकांकडे बघतात, आणि सुट्टीत गावी आलं की पारावरचे पोरं म्हणतात "सुरती उना, सुरती उना", म्हणजे सुरती आला. म्हणजे तिकडे पण बाहेरचा अन् इकडे पण बाहेरचा. मी सुट्टीत गावी जायचंच टाळायला लागलो होतो, पोट दुखतं म्हणायचो.

माझं काय बदललं ते सांगतो. आजोबांनी कपाशीचं बियाणं आणलं होतं, पाकीट गुजरातमधलं, त्यावर सगळं गुजरातीत. त्यांनी मला हाक मारली, वाच म्हणे. मी वाचलं, किती अंतरावर लावायचं, औषध कोणतं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या शेतातले दोघंजण पाकीट घेऊन आले. आठवडाभर मी गावात तो गुजराती वाचणारा पोऱ्या होतो भो! आजोबा मला "तू आपला आहेस" असं कधी बोलले नाहीत, त्यांनी फक्त काम दिलं, आणि मला जे येत होतं त्याची त्यांना खरंच गरज होती. ते नाटक नव्हतं, हे पोरांना लगेच कळतं, नाटक असेल तर त्याहून लवकर कळतं.

मोबाईल काढून घेऊ नका, हात जोडून सांगतो. त्यात तिच्या मैत्रिणी असतील. दोन महिने तिला त्यांच्यापासून तोडलं तर परत जाऊन ती पुन्हा पहिल्यापासून एकटी.

खरं_ते_बोलतो

मला तर वाटतं लाड जास्त झालेत. आम्ही पण गावातून पुण्याला शिकायला गेलो, आमच्या बोलीला पण लोक हसले, आम्ही कुठे खोलीत जाऊन बसलो? दोन दिवसात सवय होते. गावी न्या, शेतात कामाला लावा, सगळं विसरेल.

समुपदेशन_धुळे

@खरं_ते_बोलतो, तुम्ही अठरा-एकोणीसचे असताना स्वतःच्या मर्जीने गेलात, ती बाराव्या वर्षी आईवडिलांच्या निर्णयाने गेली. हा फरक लहान नाही. बारा ते पंधरा या वयात मुलं "मी कोण" हे घरात नाही, बरोबरीच्या मुलांच्या डोळ्यात बघून ठरवत असतात, आणि नेमका त्याच वेळी आरसाच बदलला.

काकू, मी धुळ्यात शाळेतल्या मुलांसोबत काम करते. तुमची पुतणी बिघडलेली नाही हे आधी सांगते. या विषयाचा मोठा अभ्यास कॅनडातच ऑन्टॅरिओमध्ये, म्हणजे तुमची पुतणी राहते त्याच प्रांतात, किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातल्या जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञांनी केलाय. त्यांचं म्हणणं सोपं करून सांगते. परक्या ठिकाणी गेलेल्या माणसासमोर दोन प्रश्न असतात, आपलं धरून ठेवायचं का, आणि तिथल्या लोकांत मिसळायचं का. कोणी दोन्हीला हो म्हणतं, कोणी आपलं सोडून त्यांच्यासारखं होतं, कोणी आपल्याच लोकांत राहतं, आणि काही जण दोन्हीकडून सुटतात. बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १३ देशांत १३ ते १८ वयाच्या ५०००पेक्षा जास्त स्थलांतरित मुलामुलींना विचारून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांनी दोन्ही धरलं ती मनानेही बरी होती आणि शाळेत, वागण्यातही. फक्त आपल्यांत राहिलेली मुलं मनाने बरी, पण बाहेरच्या जगात मागे पडत होती. आणि बऱ्याच पालकांना वाटतं तसं, आपलं सगळं टाकून पूर्ण तिकडचं झालेली मुलं काही फार सुखी निघाली नाहीत. सगळ्यात वाईट हाल ज्यांना कुठलंच धड आपलं वाटत नव्हतं त्यांचे. तुमच्या पुतणीला आत्ता तिकडचे नाक धरतात आणि इकडचे कॅनडावाली म्हणतात, म्हणजे आपण सगळे मिळून तिला त्या शेवटच्या कोपऱ्यात ढकलतोय. दीर म्हणतात तसं इंग्रजी बंद केलं तर एक दार तुम्हीच लावाल, आणि दुसरं त्याने उघडेल याची खात्री नाही.

अजून एक गोष्ट विचारायची आहे. बँक, डॉक्टर, शाळेची पत्रं, हे सगळं तिकडे जाऊबाईंना कोण समजावून सांगतं? पोरगीच ना? मुलं भाषा लवकर उचलतात, आईवडील मागे राहतात, मग पोरगी घरातली दुभाषी होते. काही मुलांना त्याचा अभिमान वाटतो, पण आईच्या तब्येतीचं किंवा पैशाचं जड बोलणं तिच्या तोंडून व्हायला लागलं की ओझं होतं, आणि घरात मोठं कोण हेच उलटंपालटं होतं. अमेरिकेत मायामी आणि सॅन दिएगोमध्ये १९९२ पासून स्थलांतरित कुटुंबांतल्या ५०००हून जास्त मुलांचा असाच मोठा पाठपुरावा झाला, त्यात मुलांचा स्वतःबद्दलचा आदर कमी करणारी एक मोठी गोष्ट निघाली ती घरातली भांडणं, आईवडिलांशी सततची तणातणी. म्हणजे बाहेरचे हसतात ते आहेच, पण घरात काय होतं ते आपल्या हातात आहे. ऑन्टॅरिओच्या बऱ्याच शाळांमध्ये नव्या कुटुंबांसाठी सेटलमेंट वर्कर असतात, जाऊबाईंना सांगा त्यांना भेटायला, म्हणजे दुभाष्याचं काम थोडं तरी पोरीच्या डोक्यावरून उतरेल.

क्लासचं म्हणाल तर, स्टेजवर बोलता येणं वेगळं आणि मी ठीक आहे असं आतून वाटणं वेगळं. धडाधड भाषण ठोकणारी मुलं माझ्यासमोर रडलेली आहेत. इंटरनेटवर दहा वाक्यांची एक स्व-आदराची चाचणी सापडेल, मॉरिस रोझेनबर्ग यांची, १९६५ची, अजून जगभर वापरतात, पण कृपा करून ती तिला घरी सोडवायला देऊ नका, तिला अजून एक मार्कांचा कागद नकोय.

जेवण एकदम कमी होणं, झोप न लागणं, "मी नसलेली बरी" असं काही बोलणं, यातलं दिसलं तर वाट बघू नका. इकडे टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. तिकडे मुलांसाठी किड्स हेल्प फोन आहे, चोवीस तास.

सिंधीकाका_जळगाव

ताई, मी इथे क्वचित लिहितो. आम्ही जळगावचे सिंधी. माझा जन्म इथलाच, पण मोठा भाऊ १९४७ ला सख्खरहून आला तेव्हा तेरा वर्षांचा होता. आधी कल्याणचा कॅम्प, ज्याचं पुढे उल्हासनगर झालं, मग दोनेक वर्षांनी वडिलांनी जळगाव धरलं. लोक आम्हाला निर्वासित म्हणत. सरकारी कागदावरचा शब्द होता, शिवी नव्हती, पण भाऊ म्हणायचा मला तो शब्द ऐकला की जेवण जात नाही. आपली हवेली होती हे सांगितलं तर कोणाला खरं वाटत नसे, मग त्याने सांगणंच सोडलं. तुमच्या पोरीने नाव अर्धं केलं ना, त्याने पण केलं होतं.

आठवडे बाजारात कापडाचे तागे घेऊन बसायचा, पाळधी, धरणगाव. गिऱ्हाईक अहिराणी बोलणारं. मराठी नीट यायच्या आधी त्याला अहिराणी यायला लागली, ती पण सिंधी हेलात. म्हाताऱ्या बाया हसायच्या पण हसता हसता शब्द दुरुस्त करून द्यायच्या, आणि पुढच्या बाजारी त्यालाच शोधत यायच्या. हसण्या-हसण्यात फरक असतो ताई. एक हसणं माणसाला बाहेर ठेवतं, एक आत घेतं. भाऊ शेवटपर्यंत म्हणायचा की मला खान्देशने घेतलं ते त्या बाजाराच्या दिवसांत.

पण एक दुःख सांगतो. तो घरात आमच्याशी सिंधी बोलायचा बंद झाला. पोरांना त्रास नको म्हणून. १९६७ मध्ये सिंधी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली तेव्हा वडिलांनी पेढे वाटले, आणि घरातल्या लहान मुलांना पेढे कशाचे हे विचारावं लागलं. आज माझ्या नातवंडांना ती लिपी वाचता येत नाही, वडिलांची पत्रं पेटीत तशीच आहेत.

सातपुडा_तळोदा

आम्ही देश सोडून कुठे गेलो नाही, तरी सांगतो. आमचं गाव सरदार सरोवरात गेलं, महाराष्ट्रातली ३३ गावं होती अक्कलकुवा आणि धडगाव भागातली, त्यातलं एक. मला तळोदा तालुक्यातल्या वसाहतीत आणलं तेव्हा मी सातवीत. घरी पावरी बोलायचो. नवीन शाळेत हजेरीला नाव घेताना सर म्हणायचे "तो विस्थापित". डोंगरात मी नदीत मासे धरणारा, झाडावर सगळ्यात वर चढणारा होतो, इथे सपाट जमिनीवर त्याचा काही उपयोगच नव्हता. स्वतःबद्दल वाईट वाटायचं कारण कोणी मारलं-बिरलं नाही, जे येत होतं त्याला किंमत राहिली नाही एवढंच. वरती उधन्याच्या दादांनी बियाण्याच्या पाकिटाचं लिहिलंय ते मला म्हणून पटलं.

काकू एक विचारू का, राग मानू नका. पुतणी इथे होती तेव्हा तुमच्या घरात तिच्याशी अहिराणी कोण बोलायचं?

जळगावची_काकू

@सातपुडा_तळोदा तुमचा प्रश्न वाचून मी दोन दिवस इथे आलेच नाही.

कोणीच नाही बोलायचं. खरं सांगते. ती नर्सरीत होती तेव्हा शाळेच्या मीटिंगमध्ये एका मॅडमनी सगळ्या आयांना सांगितलं होतं की घरी गावठी बोलू नका, मुलांचे उच्चार बिघडतात. त्या दिवसापासून मी आणि जाऊबाईंनी ठरवलं मुलांशी फक्त शुद्ध मराठी नाहीतर इंग्रजी. एकदा ती आजीकडून शिकून "काय करी ऱ्हायनी" असं म्हणाली होती, चार-पाच वर्षांची असेल, आणि आम्ही पाहुण्यांसमोर तिला गप्प केलं होतं. मीच केलं होतं. आता म्हणते पोरगी अहिराणीला लाजते. मग लाजायला तिला कॅनडाने शिकवलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? तिकडच्या मुलींनी डब्याला नाक धरलं, आणि आम्ही आजीच्या बोलण्याला धरलं होतं त्याच्या आधी सात-आठ वर्षं.

सासूबाईंसमोर हे बोलले नाही अजून. आणि हो धुळ्याच्या ताई, तुम्ही म्हणालात तसंच आहे, जाऊबाईंच्या थायरॉइडच्या तपासणीला डॉक्टरशी पोरगीच बोलली होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली मला अर्धे शब्द कळले नव्हते, मी घाबरून अंदाजाने सांगितलं आईला. तेरा वर्षांची होती तेव्हा.

लेवा_यावल

काकू तुम्ही एकट्या नाही, आमच्या यावल-रावेरकडे लेवा बोलीचं तेच झालंय. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचं नाव दिलं, शाळेत न गेलेली बाई, घरातल्या बोलीत ओव्या रचणारी, आणि त्याच विद्यापीठात शिकणारी पोरं इंटरव्ह्यूला जाताना ती बोली तोंडातून निघू नये म्हणून प्रॅक्टिस करतात. (बहिणाबाईंची भाषा अहिराणी म्हणून सांगतात लोक, ती लेवा बोली, हे पण लिहून ठेवतो.) पोरीला सांगून टाका जे आम्हाला सांगितलं ते. मोठ्यांनी चूक मान्य केली की त्या वयाच्या मुलांवर त्याचा फार परिणाम होतो, माझ्या मुलीचा अनुभव आहे.

खरं_ते_बोलतो

सगळं वाचलं. लाडाचं बोललो ते मागे घेतो. मला पण पुण्यात हसले तेव्हा मी बोली बदलली होती, सवय झाली म्हणालो ती ह्याचीच. आता आई फोनवर बोलते आणि मी प्रमाण मराठीत उत्तर देतो. लक्षात आलं नव्हतं.

जळगावची_काकू

कानबाई झाली, काल रात्री गावाहून परतलो, म्हणून लिहिते.

जायच्या आधी मी तिला सांगितलं. पाहुण्यांसमोर तुला गप्प केलं होतं ते चुकलं म्हणून. तिला तो प्रसंग आठवत होता! म्हणाली मला वाटायचं मी काहीतरी घाण शब्द बोलले होते. मग बराच वेळ आम्ही दोघी तशाच बसलो. गावी ये असं मी म्हटलं नाही, एवढंच म्हटलं की आलीस तर तुला कोणी बोलायला लावणार नाही, कंटाळा आला की काका गाडीने परत आणतील. आली.

पहिला दिवस ओट्यावर मोबाईल घेऊनच बसली होती. पोरांना मी आधीच दम दिला होता. संध्याकाळी नारळाला नथ आणि दागिने घालून कानबाई सजवत होते, तेव्हा तिने तिकडच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावला. ती मैत्रीण सीरियाची आहे, २०१६ मध्ये कॅनडाने बरीच निर्वासित कुटुंबं घेतली त्यातली, तेव्हा अगदी लहान होती. मला आधी माहीतच नव्हतं, त्या पहिल्या वर्षी डबा प्रकरणानंतर हिच्याजवळ येऊन बसलेली एकटी तीच होती म्हणे. मैत्रीण विचारत होती हे काय, ते काय, त्याला काय म्हणतात, आणि हिला शब्द येईनात, मग ही आजीला विचारायला लागली. आजी अहिराणीत सांगायची, ही इंग्रजीत तिकडे सांगायची. रोट कशाचे, गहू कसे मोजतात, सोमवारी नदीवर का नेतात. चुलीजवळ बसून अर्धा तास चाललं होतं. धुळ्याच्या ताई, दुभाषीच झाली ना पुन्हा, पण ह्या वेळी चेहरा वेगळा होता, आणि अडलं की आजी हात दाखवून समजवायची.

मग सासूबाईंनी विचारलं, ती पोर कोणत्या गावची. पुतणीने सांगितलं तिचं गाव खूप लांब आहे आजी, लढाई झाली, तिचं घर पडलं, आता तिथे त्यांचं कोणी नाही. हे तिने मराठीत सांगितलं, मोडक्यातोडक्या. सासूबाई जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "तिले सांग, आठे ये." म्हणजे तिला सांग, इथे ये.

पुतणीने ते जसंच्या तसं तिला अहिराणीत म्हणून दाखवलं आणि मग इंग्रजीत अर्थ सांगितला.

बाकी सगळं काही झटक्यात बदललं नाहीये. सोमवारी विसर्जनाला ती आली नाही, गर्दी नको म्हणाली, मी आग्रह केला नाही. डब्याचं अजून बोलत नाही. दीर अजून मोबाईलवरच अडून आहेत. धुळ्याच्या ताई, तुम्ही त्यांच्याशी एकदा बोलाल का? तिचं विमान २८ ऑगस्टला आहे, त्याच्या आधी.

समुपदेशन_धुळे

नक्की बोलते. जाऊबाईंनाही कॉलवर घ्या, दोघांशी एकत्र बोलू. आणि पुतणीला आधी विचारा की मी त्यांच्याशी बोललेलं तिला चालेल का. नाही म्हणाली तर आपण थांबू.

सिंधीकाका_जळगाव

ताई, पोरगी जायच्या आधी एक दिवस तिला घेऊन सिंधी कॉलनीत आमच्याकडे या. भावाच्या दुकानाचे बाजाराचे किस्से तिच्या आजीला पण आवडतील, त्यांना पण आणा. वडिलांची पत्रं वाचू शकेल असे एक वयस्कर गृहस्थ मला सापडलेत, त्या दिवशी त्यांनाही बोलावतो.